रंग पक्का

मे महिना. मेडिकलच्या तळमजल्यावर
आमच्या खोलीत कूलर घुमतो,
आणि काच ओढायच्या वेळी आम्ही तो बंद करतो.
पंचेचाळीस डिग्रीत त्याचा झोत लागला तर
अल्कोहोलात बुडायच्या आत पेशी वाळतात,
फुगतात, धुरकटतात,
आणि खोटं बोलायला लागतात.

तेवीस नंबरची सुई, दहा सीसीची सिरिंज.
"एवढीशीच?" यादोराव हेडाऊ म्हणाले.
गोळीबार चौकाकडचे. चाळीस वर्षं मागावर.
जबड्याखाली गाठ. सुपारीएवढी,
हे माप त्यांनीच सांगितलं
आणि सांगून गप्प झाले.
मी दोन बोटांत धरली. हलत नव्हती.

सुई आत गेली की हाताला आधी कळतं,
डोळ्याला मागाहून.
चरबीत ती लोण्यासारखी जाते,
गळवात पू आपसूक वर चढतो,
आणि कधी कधी
कच्च्या पेरूत शिरल्यासारखी करकरते.
रिपोर्टात या करकरीला रकाना नाही.

सुईच्या तोंडाशी आलं ते
कणकीच्या टिपक्याएवढं.
सुकेशिनी उकेनं दुसरी काच टेकवून
एका दमात ओढलं, बरणीत सोडलं,
मग कूलर लावला.
"दाबून धरा जी कापूस. पाच मिनिटं."
त्यांनी अर्धा तास धरला.

दुसऱ्या दिवशी अकरालाच दारात.
पोरगी वरच्या मजल्यावर कागद घेऊन रांगेत.
"मॅडम, पाहू देता का मले?
माझंच तं होय."
सतरा वर्षांत हे कोणी मागितलं नव्हतं.
नियम आठवेपर्यंत मी स्टूल सरकवलं होतं.

फणीत धागा ओवताना मिटत असतील
तसा एक डोळा मिटला त्यांनी.
बराच वेळ नुसतं पाणी ठिबकत राहिलं.

"बाप्पा. कोणं रंगवलं हे?"
इथंच. ह्या सुकेशिनीनं.
"निळा बरोबर बसला.
अन् हा नारिंगी!
आमच्या भट्टीत असा उतरतच नाही,
निरा पिवळा मारते."

मी सांगितलं नाही
की मानेच्या गाठीत हा रंग नसतोच,
तो वाट काढत आलाय गालफडातून,
जिथं तीस वर्षं खर्रा दाबून ठेवला होता त्या कोपऱ्यातून.
अख्खं शहर ज्या रंगावर मिरवतं
तो आज काचेवर नसावा
असं मी रोज सकाळी मनात म्हणते,
हेही नाही.

"हे इथं एका जागी काहून दाटले?
अन् हे एक तं लयच मोठं."
गाठ सुटलेल्या ताण्यावर ठेवावं
तसं त्यांनी हवेत बोट ठेवलं.
दाटलेत खरे, मी म्हणाले.

"रंग पक्का हाय का?"

पक्का आहे.
पंधरा-वीस वर्षं जात नाही.

ते उठले. सुकेशिनीकडे बघून मान हलवली,
एका कारागिरानं दुसऱ्याला द्यावी तेवढीच.
तिनं स्टँडकडे तोंड फिरवलं
आणि आधीच पुसलेली काच पुन्हा पुसली.

मग मी रिपोर्ट लिहिला.
त्या भाषेत पेशी दिसतात, आढळतात, सुचवतात.
कोणी पाहिल्या, याला तिथं जागा नाही.
दोघांनी पाहिल्या होत्या.
तीन ओळी. सही. काच एकवीसशे चौतीस, खण सहावा.

स्टुलाखाली रबर लावलेली खर्र्याची पन्नी,
अर्धी भरलेली.
पडली की टाकली,
ते कुठल्याच लेन्सखाली कळत नाही.

बाहेर पुढचं नाव पुकारलं.
सुकेशिनीनं कूलर बंद केला.